स्वपक्षाचा मारा आणि सरकारी मौन

युद्धात किंवा सशस्त्र कारवाईत आपल्याच अथवा मित्रराष्ट्राच्या सैन्याच्या शस्त्रांनी आपली माणसे मारली जातात, तेव्हा त्या घटनेला लष्करी परिभाषेत 'फ्रेंडली फायर', म्हणजे स्वपक्षाचा मारा, असे म्हटले जाते. अशा घटनांचा, आणि एकूणच आपल्या बाजूने आपल्याच लोकांना केलेल्या इजेचा, तपशील सरकारने राखून ठेवावा असे मानणारा एक विचार दृढ आहे. तपशील उघड झाल्यास शत्रूचे फावते, सैनिकांचे मनोधैर्य खचते आणि बुजत आलेल्या जखमा पुन्हा वाहू लागतात, असा हा पूर्वपक्ष आहे. तो मांडणाऱ्यांत देशासाठी आयुष्य वेचलेली माणसेही असल्याने त्याचा विचार गांभीर्यानेच करावा लागतो.

शत्रूचे फावण्याचा मुद्दा २७ फेब्रुवारी २०१९ च्या घटनेवर घासून पाहता येतो. त्या सकाळी सीमेवर भारत आणि पाकिस्तानची लढाऊ विमाने समोरासमोर आली असताना, श्रीनगरच्या तळावरून निघालेले हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले आणि हवाई दलाचे सहा जण, ज्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते, तसेच जमिनीवरील एक नागरिक असे सात जण मृत्युमुखी पडले. हे हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले आणि ती मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ रोजी जाहीर केले. दरम्यान सात महिने उलटले होते आणि लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. क्षेपणास्त्राचा पल्ला, रडारची मांडणी, आकाशातले विमान मित्राचे की शत्रूचे हे सांकेतिक संदेशावरून ठरवणाऱ्या यंत्रणेचे तपशील ही खरी गुपिते आहेत आणि ती राखलीच पाहिजेत. परंतु हेलिकॉप्टर कोणाच्या शस्त्राने पडले या प्रश्नाचे उत्तर त्या गुपितांत मोडत नाही. मनोधैर्याच्या मुद्द्याचेही तसेच आहे, कारण तळावर काय घडले ते तळावरच्या माणसांपासून फार काळ लपत नाही. लपते ते घरच्यांपासून आणि नागरिकांपासून.

मित्रराष्ट्रांमध्ये तर मैत्री सांभाळण्याचे कारणही पुढे केले जाते. २८ मार्च २००३ रोजी इराकमध्ये बसऱ्याजवळ अमेरिकेच्या ए-१० विमानांनी ब्रिटिश चिलखती वाहनांवर मारा केला आणि लान्स कॉर्पोरल ऑफ हॉर्स मॅटी हल हा सैनिक त्यात ठार झाला. वैमानिकांचे संभाषण टिपणारी चित्रफीत मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत उघडपणे दाखवण्यास अमेरिका राजी नव्हती. २००७ मध्ये ती वृत्तपत्राच्या हाती लागल्यावरच लोकांसमोर आली आणि चौकशी अधिकाऱ्याने हा मृत्यू बेकायदा ठरवला. त्यानंतरही दोन्ही देशांची युती तुटली नाही.

जखमा वाहू लागतील हा आक्षेप मात्र सर्वांत प्रबळ आहे, आणि त्याची कसोटी मराठवाड्यातच लागते. बडगामला जे घडले ती चूक होती, तर १९४८ मध्ये लातूर-नांदेडच्या परिसरात जे घडले तो अपराध होता, हा भेद नजरेआड करता येणार नाही. दोन्हींत समान आहे ते घटनेनंतरचे मौन. मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानातील निजामाच्या राजवटीत रझाकारांनी, म्हणजे कासिम रझवीच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावेच्या गावे लुटली आणि माणसे मारली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने, म्हणजे भारतीय सैन्याच्या मोहिमेने, ही जुलमी सत्ता संपवली, आणि मराठवाड्याला मिळालेले हे स्वातंत्र्य निःसंशय मोलाचे आहे. पण त्या कारवाईच्या काळात व नंतर मुस्लिमांविरुद्ध सूडाची लाट उसळली. तिची पाहणी करण्यासाठी पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला. मृतांची संख्या कमीत कमी २७ ते ४० हजार असावी आणि त्यांतले किमान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांतले असावेत, असा समितीचा अंदाज होता. लातूर शहरात, जे तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालल्या, आणि काही ठिकाणी सैन्यातले व पोलिसांतले लोकही लुटीत व इतर गुन्ह्यांत सामील होते, असेही समितीने नोंदवले.

हा अहवाल सरकारने कधीच प्रसिद्ध केला नाही. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता आणि त्यातील आकडे अंदाजाचेच आहेत, हे खरे. पण वादग्रस्त अंदाज तपासला जावा यासाठीच तो उघड असावा लागतो. तो उघड न झाल्याने जखम बुजली नाही. एका घरात केवळ रझाकारांचे अत्याचार सांगितले गेले, दुसऱ्या घरात केवळ नंतरच्या कत्तली, आणि प्रत्येक बाजूने स्वतःचा आकडा मनाशी धरला. त्याहूनही मोठी हानी अशी की, हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना जिवाची बाजी लावून, प्रसंगी प्राण देऊन वाचवल्याची नोंद त्याच अहवालात आहे, आणि सत्तेने कत्तलीबरोबर ही माणुसकीही दडवून ठेवली. लातूर-नांदेडच्या मुलांना ही नोंद शाळेत शिकवली गेली असती, तर १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन दोन्ही समाजांना अधिक आपला वाटला असता. अब्दुल गफूर नूरानी यांनी २०१३ मध्ये आपल्या हैदराबादविषयीच्या पुस्तकात अहवाल छापल्यानंतर तो लपवण्याचे उरलेसुरले कारणही संपले आहे.

यावर उपाय म्हणून सर्व गुपिते खुली करण्याची गरज नाही. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार पंचवीस वर्षांहून जुने दस्तऐवज तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायचे आहेत, परंतु १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धातील पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून स्वतःहून खुला केलेला नाही. मुदत संपल्यानंतरही एखादा दस्तऐवज राखायचा असेल, तर त्याची कारणे लेखी देण्याची आणि ती स्वतंत्र मंडळासमोर सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर असावी. स्वपक्षाच्या माऱ्यात मृत्यू झाल्यास चौकशीचे निष्कर्ष, तांत्रिक भाग वगळून, ठराविक महिन्यांत कुटुंबाला कळवणे बंधनकारक करावे. सुंदरलाल समितीचा अहवाल केंद्र सरकारने स्वतःच्या नावाने, रझाकारांच्या अत्याचारांच्या सरकारी नोंदींसह, मराठी व उर्दूत प्रसिद्ध करावा आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने त्यातल्या गावांची नावे घेऊन, साक्षी व महसुली कागद पडताळून, प्रत्येक आकड्याची तपासणी हाती घ्यावी.