किती खपलं आणि किती ऐकलं

दिवाळीच्या सुट्टीत नातू नांदेडला आला होता. कानात ती गुंडी घालून दिवसभर काहीतरी ऐकत असतो. एकदा मी विचारलं, "काय ऐकतोस रे?" तर म्हणाला, "आजोबा, ईगल्स. अमेरिकेत यांच्या अल्बमइतका दुसऱ्या कुणाचाच अल्बम खपलेला नाही." मी म्हटलं, "छान आहे का?" तो म्हणाला, "सांगितलं ना, सगळ्यात जास्त खपलाय!"

मी विचारलं होतं एक आणि उत्तर मिळालं दुसरं. त्याचा दोष नाही. आमच्या पिढीनेही आयुष्यभर हेच केलं. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला, की ही गाण्यांची खपाखपी मोजतात तरी कशी? नातवालाच कामाला लावलं. त्याने नेटवरून शोधून वाचून दाखवलं आणि मी वहीत टिपून घेतलं. (मास्तरची सवय, जात नाही.)

ईगल्स या रॉक बँडच्या निवडक गाण्यांचा अल्बम १९७६ साली निघाला. अमेरिकेतली रेकॉर्ड कंपन्यांची संघटना १० लाख प्रती गेल्या की एक 'प्लॅटिनम' देते. या अल्बमला पूर्वी २९ प्लॅटिनम होती. २०१८ साली फेरमोजणी झाली, तेव्हा ती एकदम ३८ झाली आणि मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' मागे पडला. म्हणजे पहिला नंबर कागदावर बदलला तो दुकानातल्या गर्दीने नव्हे, नव्या हिशेबाने. शिवाय २०१६ पासून या हिशेबात इंटरनेटवर ऐकलेली गाणीही धरतात. गाणी १,५०० वेळा ऐकली गेली, की एक अल्बम विकला गेला असं समजायचं.

बीटल्सची गंमत तर आणखी न्यारी. त्यांचा १९६८ सालचा पांढऱ्या वेष्टनाचा जोड-अल्बम २४ प्लॅटिनमचा धनी आहे. पण त्यात तबकड्या दोन, आणि प्रत्येक तबकडी वेगळी मोजायची. म्हणजे संच गेले एक कोटी वीस लाख आणि आकडा दोन कोटी चाळीस लाख! एका पेपरात दोन प्रश्न सोडवले म्हणून दोन विद्यार्थी पास झाले असं आम्ही लिहिलं असतं, तर मुख्याध्यापकांनी घरी पाठवलं असतं.

खोटेपणा यात नाही. नियम जाहीर आहेत आणि त्यानुसार आकडे बरोबरच आहेत. पण आकडा ऐकला की आपण नियम विचारत नाही, माझं म्हणणं एवढंच. मीही विचारला नव्हता.

आमच्या लहानपणी आकड्यांचा एकच बादशहा होता, 'बिनाका गीतमाला'. १९५२ साली नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. आमचं गाव कंधारकडचं. गावात सेलवरचा एकच रेडिओ, तोही पाटलांच्या ओसरीवर. बुधवारी रात्री आठला आम्ही पोरं ओसरीच्या पायरीवर हजर. शॉर्टवेव्हची खरखर, मधूनच आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा जायचा, आणि मग पुन्हा ते "बहनो और भाइयो". कोणतं गाणं कितव्या पायदानावर, यावरून दुसऱ्या दिवशी शाळेत पैजा लागायच्या. वर्षाअखेरीचं सरताज गीत म्हणजे तर निकालाचाच दिवस.

ती क्रमवारी कशी ठरायची? मोठ्या शहरांतल्या ठरावीक दुकानांतून रेकॉर्डच्या विक्रीचे आकडे मागवायचे. दुकानातली रेकॉर्ड संपली असली तर मागणी असूनही विक्री दिसत नाही, म्हणून जोडीला श्रोता संघांची मतंही घ्यायचे. सयानी विचारी माणूस. दुकानाच्या हिशेबात काय सुटतं याची त्यांना जाण होती. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा पाटलांची ओसरी आठवून मला भरून आलं.

पण आता वाटतं, त्या हिशेबात आमचं गाव कुठे होतं? आमच्याकडे रेकॉर्डचं दुकान नव्हतं आणि श्रोता संघही नव्हता. आमच्याकडे होता भोंगेवाला. लग्नसराईत तो बैलगाडीतून यायचा. एक पेटी, एक बॅटरी, दोन भोंगे आणि गोणपाटात गुंडाळलेल्या पंधरा-वीस तबकड्या. भोंगा लिंबाच्या झाडावर चढला की शिवारातल्या माणसालाही कळायचं, आज गावात लग्न आहे. त्याच्या तबकड्या झिजून झिजून घोगऱ्या झालेल्या. एखाद्या ओळीवर सुई अडकायची आणि तीच ओळ आठ-दहा वेळा वाजायची. आम्हाला ती गाणी अडकण्यासकटच पाठ होती.

आता मास्तरी हिशेब करतो. एका सराईत त्याची लग्नं धरा चाळीस. एका लग्नाला माणसं धरा पाचशे. एका गाण्याचे वीस हजार कान झाले. (कान दोन असतात म्हणून चाळीस हजार म्हणत नाही, ते बीटल्सवाल्यांनी करावं.) अमेरिकन नियमाने १,५०० ने भागा. त्या एका तबकडीतल्या एका गाण्याचे, एका हंगामात, तेरा अल्बम झाले! आणि कंपनीच्या वहीत काय लागलं? विक्री, एक. ती तबकडी त्याने हैदराबादेत घेतलेली, म्हणजे तो एकही आमच्या नावावर नाही.

ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघर आले. तोवर मी नोकरीनिमित्त लातूर जिल्ह्यात होतो. लातूरला तेव्हा 'कॅसेट भरून' देणारी दुकानं होती. आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. माझ्याकडच्या तीस-चाळीस कॅसेटींपैकी कंपनीच्या असतील पाच-सहा. बाकी सगळ्या भरलेल्या. कायद्याने ती चोरीच, आणि मी ती केली आहे. गाणाऱ्याला त्यातला एक पैसा गेला नाही. म्हणून 'आकड्यांना अर्थ नाही' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आकडा नसला की मानधनही नसतं. रसिकाला आकडा नसला तरी चालतं, कलावंताला चालत नाही.

आता एक कबुली द्यायची आहे. सामान्यज्ञानाच्या तासाला मी कित्येक वर्षं एक प्रश्न मुलांकडून घोकून घेत असे. जगात सर्वांत जास्त गाणी कुणी गायली? उत्तर: लता मंगेशकर, २५ हजार गाणी, गिनीज बुकात नोंद. ती नोंद खरोखरच १९७४ च्या आवृत्तीत होती. १९४८ ते १९७४ या काळात पंचवीस हजारांहून कमी नाहीत, असं. महंमद रफींनी हरकत घेतली, त्यांचं म्हणणं आपलीच गाणी जास्त. रफी १९८० साली गेले. पुढे १९८४ च्या आवृत्तीत त्यांचा २८ हजारांचा दावाही छापला गेला. १९९१ साली दोन्ही नोंदी निघाल्या.

भागाकार मला येत होता. सव्वीस वर्षांचे साधारण साडेनऊ हजार दिवस. पंचवीस हजार भागिले साडेनऊ हजार. म्हणजे रोज अडीचच्या वर गाणी, दिवाळी-दसरासुद्धा सुट्टी न घेता! त्या काळी तालमीसकट एक गाणं ध्वनिमुद्रित व्हायला दिवसातला मोठा भाग जायचा. फळ्यावर दोन मिनिटांत कळलं असतं, पण मी खडू उचललाच नाही. ज्यांनी उचलला ते कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' आणि आपले विश्वास नेरुरकर यांच्यासारखे लोक. एकेक चित्रपट, एकेक तबकडी धुंडाळून त्यांनी सूची केल्या. त्यातून दिसलं, की दीदींची काय आणि रफीसाहेबांची काय, हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास आहेत. २०११ साली गिनीजने आशाताईंच्या नावावर ११ हजारांपर्यंतच्या गाण्यांचा विक्रम नोंदवला आणि २०१६ साली दक्षिणेतल्या पी. सुशीला यांच्या नावावर १७,६९५ गाण्यांचा. पंचविसाचे पाच हजार झाले म्हणून लताबाईंचा सूर काही खाली आला नाही. शरम वाटली ती माझी मला. ज्या मुलांना 'विचार करा' म्हणून सांगायचो, त्यांच्याकडूनच न मोजलेला आकडा पाठ करून घेतला.

पण याहून मोठी एक चूक आहे. आज हे लिहायला बसलो ते खरं तर तिच्यासाठी.

१९८८-८९ ची गोष्ट असेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात गाण्यांची निवड माझ्याकडे होती. नववीतला एक मुलगा आला. आवाज मोकळा, खणखणीत. त्याला वामनदादा कर्डकांचं भीमगीत म्हणायचं होतं. मी त्याला म्हटलं, "अरे, सगळ्यांना माहीत असलेलं काहीतरी घे. एखादं भावगीत घे." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, हे सगळ्यांना येतं."

मी यादीत त्याचं नाव समूहगीतात टाकलं. तो संमेलनाला आलाच नाही.

पुढच्याच एप्रिलात, १४ तारखेच्या संध्याकाळी, त्याच्या वस्तीवरून सायकलने चाललो होतो. जयंतीची मिरवणूक निघायची होती. तेच गाणं चाललं होतं. भोंगा होता, पण भोंग्याचा आवाज ऐकूच येत नव्हता, कारण सगळी वस्ती गात होती. म्हाताऱ्या बाया, कडेवरचं मूल सावरणाऱ्या आया, माझ्याच वर्गातली सात-आठ पोरं. एकाच्याही हातात कागद नव्हता. त्यांना खरंच सगळ्यांना येत होतं. माझ्या 'सगळ्यां'मध्ये ते नव्हते, एवढंच.

तो काळ नामांतराच्या लढ्याचा. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडला. त्या वर्षांत मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत ही गाणी माणसांना धरून ठेवत होती. वामनदादांनी हजारो गाणी रचली आणि गावोगाव गात फिरले. प्रल्हाद शिंदे एका गळ्यातून भीमगीतं गायले आणि त्याच गळ्यातून विठ्ठलाचीही, त्यामुळे त्यांचा आवाज वस्तीतही होता आणि देवळाच्या भोंग्यावरही. दोघेही २००४ साली गेले. गीतमालेत या गाण्यांना जागा नव्हतीच, तिथे हिंदी सिनेमाचीच गाणी. पण मला जागा करून देता आली असती. शाळेच्या संमेलनाला कोणती कंपनी आडवी येणार होती?

लातूरला राहिल्यामुळे याद्यांचं वेड मी जवळून पाहिलं आहे. 'लातूर पॅटर्न'च्या भराच्या वर्षांत बोर्डाची गुणवत्ता यादी लागली की गाव रस्त्यावर यायचं. यादीतली मुलं हुशारच होती, त्यांनी रक्त आटवलं होतं, त्यात शंका नाही. पण यादीला जे मोजता येतं तेच ती मोजते. ज्या मुलाने "सर, हे सगळ्यांना येतं" असं एका वाक्यात मला शिकवलं, त्याला मराठीत किती गुण पडले होते ते मला आठवतसुद्धा नाही. बोर्डाने ती यादी बंद केली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

नातू म्हणतो, "आजोबा, आता तसं नाही. आता यूट्यूबवर प्रत्येक ऐकणं मोजलं जातं." खरं आहे. आज आमच्या भोंगेवाल्याचं लग्नही कदाचित मोजलं गेलं असतं. पण तिथेही पाचशे माणसांनी मिळून ऐकलेलं गाणं एकदाच मोजलं जाणार, नाही का? माझं त्याला एवढंच सांगणं आहे. आकडा जरूर वाच, पण पुढे तीन प्रश्न विचार. कुणी मोजलं? काय मोजलं? आणि कोण मोजायचं राहिलं?

राहिलेल्यांसाठी आपणही थोडं काही करू शकतो. मी एक वही घातली आहे. आमच्या गावी लग्नात, जत्रेत, जयंतीला, पेरणीला कोणती गाणी वाजत किंवा म्हणत, कोण म्हणायचं, हे आठवेल तसं लिहितो आहे. गेल्या महिन्यात गावाकडच्या एका ऐंशीच्या मावशींना फोन केला, तर त्यांनी फोनवरच चार गाणी म्हणून दाखवली. आतापर्यंत एकसष्ट झाली. माळेगावच्या जत्रेतली अजून लिहायची आहेत. नातेवाईक मंडळींनो, तुमच्याकडे कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांनाही विचारा. घाई करा, कारण ही तबकडी दुकानात मिळत नाही.

त्या मुलाचं गाणं मी पहिल्या पानावर लिहिलं आहे. तो आता पन्नाशीत असेल. कुठे असतो ते मला ठाऊक नाही. भेटला तर माफी मागायची आहे, आणि तेच गाणं म्हणायला सांगायचं आहे. म्हणेल की नाही, ते त्याने ठरवायचं.

असो. जाता जाता नातवाला पुन्हा विचारलं, "बरं, ते ईगल्स छान आहेत का?" या वेळी त्याने कानातली एक गुंडी काढून माझ्या कानात घातली. चांगलं होतं.