मोपानीचा सुरवंट

विद्यार्थिमित्रहो, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांतील लोक एका पतंगाचे सुरवंट आवडीनें खातात, असें वर्गांत सांगतांच तुम्हीं नाकें मुरडलीं. त्या मुरडलेल्या नाकांविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत.

झिंबाब्वे, बोट्स्वाना व दक्षिण आफ्रिकेचा लिंपोपो प्रांत येथें मोपानी नांवाचे वृक्ष आहेत. त्यांच्या पानांवर हे सुरवंट वाढतात. स्त्रिया व मुलें ते हातांनीं वेंचतात, पिळून त्यांच्या पोटांतील घाण काढून टाकतात, मिठाच्या पाण्यांत उकळतात आणि उन्हांत वाळवितात. वाळलेले सुरवंट कित्येक महिने टिकतात, व त्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिनें असतात. त्यांच्या विक्रीतून कित्येक आया मुलांच्या शाळेची फी भरतात.

आतां आपल्याकडे पाहूं. भंडारा-गडचिरोलीकडील टसराचा किडा याच कुळांतील आहे. त्याच्या कोशाचें वस्त्र आपण मंगलकार्यांत मिरवितों; मग त्याच्या भाऊबंदाची किळस कां यावी? किळस ही बहुधा संवयीची लेक असते, ज्ञानाची नव्हे.

निंदाच करावयाची तर हांवेची करावी. मागणी वाढल्यामुळें कांहीं ठिकाणीं बहुतेक सुरवंट वेंचले जातात. जमिनींत शिरून कोश करावयास कोणी उरलाच नाहीं, तर पुढील हंगामीं पतंग कोठून येणार?

पालकांनींहि घरीं हेंच शिकवावें: दुसऱ्याच्या ताटास हंसूं नये, आणि आपल्या ताटांत सर्वच ओढूं नये.