पिन गिऱ्हाइकाचा, बोटही त्याचंच

लोधीखेड्यातल्या कृषी केंद्राच्या काउंटरवर दोन मशिनी शेजारी शेजारी असतात. एक खताची. तिच्यावर बहुतेकदा आधारचा अंगठा लावूनच अनुदानाचा युरिया मिळतो, आणि 2018 पासून ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. दुसरी कार्डाची. कपाशीचं बियाणं घ्यायला आलेला म्हातारा शेतकरी किसान क्रेडिट कार्ड पुढे करतो. दुकानदार ते खोचतो आणि म्हणतो, ‘काकाजी, पिन टाका.’ काकाजी म्हणतात, ‘तूच टाक नं बापू, मले ते बारके आकडे दिसत नाही.’ आणि भर दुकानात चार आकडे मोठ्यानं सांगतात.

पांढुर्णा-सौंसरच्या या पट्ट्यात दुकानदारी ओळखीवर चालते. आजोबांपासूनची उधारी जिथे वहीत आहे, तिथे पोरापासून काय लपवायचं, असं काकाजींना वाटणं मी समजू शकतो. पण मागे उभे असलेले चारजण काही ओळखीचे नसतात. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकानं स्वतःच पिन दुसऱ्याला सांगितला आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. बियाण्याचे पैसे गेले म्हणजे त्या घराचा हंगाम गेला.

कार्डाची मशीन स्वतः पक्की असते. पिन तिच्या आतच सांकेतिक होऊन बँकेकडे जातो. कुणी ती उघडायला गेलं तर आतल्या गुप्त किल्ल्या पुसल्या जातात आणि मशीन निकामी होते. म्हणून मशीन बसवताना खरा प्रश्न काउंटरचा असतो. ती गिऱ्हाइकाच्या हातात देता आली पाहिजे. वायरची असेल तर वायर तेवढी लांब हवी. आकड्यांवर उजेड पडला पाहिजे, म्हणजे काकाजींना दिसेल. गल्ल्यावरचा सीसीटीव्ही बरेचदा नेमका कीपॅडवर रोखलेला असतो. मशीन बसवायला आलेल्या माणसासमोरच मोबाइलवर ते चित्र उघडून पाहावं आणि कॅमेरा वळवून घ्यावा. पाच हजारांपर्यंत पिन न टाकता कार्ड टेकवून पैसे जातात, तेव्हा आधी रक्कम दाखवावी, मग कार्ड मागावं.

मशीनच्या पाठीवर सिरियल नंबर असतो. तो दुकानाच्या रजिस्टरमध्ये लिहावा, मशीनचा फोटो काढून ठेवावा आणि सकाळी शटर उघडल्यावर एक नजर टाकावी: नंबर तोच आहे ना, स्क्रू उघडलेले नाहीत ना, कार्डाच्या फटीवर काही चिकटवलेलं नाही ना. जानेवारी 2025 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, खजुराहोला, पेट्रोल पंप आणि दुकानांवरचे क्यूआर कोड रातोरात बदलले गेले. एका औषध दुकानात गिऱ्हाइकालाच खात्यावर भलतं नाव दिसलं, तेव्हा ते उघडकीला आलं. कागदाचा कोड बदलतात, तशी मशीनही बदलता येते. ‘बँकेतून आलोय, जुनी द्या, नवी घ्या’ म्हणणाऱ्याला बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं आणि बँकेच्या कागदावर छापलेल्या नंबरवर फोन करावा. त्यानं स्वतः दिलेल्या नंबरवर नाही.

मशीनवरून गिऱ्हाइकाला पैसे परत करायचा पासवर्ड आधीपासून सोपा ठेवलेला असेल, तर पहिल्याच दिवशी बदलावा आणि तो नोकरांना सरसकट सांगू नये. मशीनमध्ये स्वतःचं सिम असेल तर उत्तम. दुकानाचं वायफाय वापरायचंच असेल, तर त्याचा पासवर्ड गिऱ्हाइकाला देऊ नये. उधारीच्या वहीत कार्डाचा नंबर कधीही लिहू नये.

लहान गावांत या मशिनी पोचाव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेनं 2021 पासून वेगळा निधी चालवला. मशीन पोचवणाऱ्या बँकांकडे माझं एकच मागणं आहे. बसवायला येणाऱ्या माणसाला आठवडी बाजाराच्या दिवशी पाठवा आणि तासभर काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकांत उभं करा. ज्या काकाजींचा पिन आजवर गावभर झाला आहे, त्यांना त्यानं एटीएमवर सोबत न्यावं, पिन कसा बदलायचा ते दाखवावं आणि नवे आकडे ते दाबत असताना पाठ फिरवून उभं राहावं.