परवाना माणसाचा कीं बंदुकीचा ?

नाकाडोंगरीच्या एका गृहस्थांनीं विचारलें आहे, कीं आपल्या नांवचा परवाना असतां घरची ठासणीची बंदूक विकून काडतुसी दुनळी घ्यावयास पुनः भंडाऱ्याच्या कचेरीच्या पायऱ्या कां चढाव्या ? धानाच्या बांध्यांत रानडुकरें एका रात्रींत होत्याचें नव्हतें करितात. तेव्हां त्यांची घाई आम्हांस समजते.

परंतु परवान्यावर धन्याच्या नांवाखालीं हत्याराचा प्रकार, नळीचें माप व नंबरही असतो. १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वयें मुभा आहे ती त्या नोंदीपुरतीच. जुन्या नोंदीवर नवी बंदूक घरीं आणिली, तर ती बिनपरवाना ठरते. धनी गांवांत कितीही अब्रूदार असो! म्हणून आधीं जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग खरेदी, आणि लगेच नव्या नंबराची नोंद.

जुनी बंदूक विकावी ती परवानेदारासच. विक्री खाजगी असल्यास जिल्हादंडाधिकारी वा ठाणेदार यांस लेखी कळवून ४५ दिवस थांबणें प्राप्त आहे. हें टाळून ‘राहूं द्या माळ्यावर’ म्हणणारी मंडळी आम्हीं पाहिली आहेत. पण २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदारास तिहींऐवजीं दोनच बंदुका ठेवितां येतात. विकल्यावर जुनी नोंद खोडून घ्यावी. एरवीं हातीं नसलेल्या बंदुकीचा जबाब देत बसावें लागतें.

आणखी एक. दुनळी रीतसर घरीं आली, तरी डुकरावर बार काढण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें वनखात्याची परवानगी निराळी लागते. तो अर्जही याच फेरींत करून ठेवावा.