अश्वशक्ति आणि आनंद

आमचे विद्यार्थी मोटारींविषयीं बोलूं लागले कीं गोष्ट लवकरच किंमत आणि अश्वशक्ति यांवर येते. जी महाग तीच चांगली, असा त्यांचा व कांहीं पालकांचाहि समज दिसतो. आम्हांस तो मान्य नाहीं. आणि साक्षीदार म्हणून आम्ही जपानच्या माझदा कंपनीस पुढें करतों.

ही कंपनी १९२० सालीं हिरोशिमा येथें बुचाचा माल करण्यासाठीं निघाली. १९३१ मध्यें तिनें तीनचाकी मालगाडी काढली. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें शहर उद्ध्वस्त झालें. मध्यें हिजियामा टेकडी असल्यामुळें कारखाना बहुतांशीं बचावला, आणि त्याच डिसेंबरांत गाड्या पुन्हां तयार होऊं लागल्या.

१९८९ सालीं तिनें दोन आसनांची, टप उघडतां येणारी लहान मोटार आणली. वजन सुमारें ९५० किलो, अश्वशक्ति सुमारें १२०. परंतु भार पुढें-मागें जवळजवळ सारखा वांटलेला; म्हणून हाताचा इशारा ती तत्काळ ओळखते. अमेरिकेंत तिची किंमत १४,००० डॉलरांच्या आंत होती. २०१६ पर्यंत अशा दहा लक्ष गाड्या तयार झाल्या.

कोणी म्हणेल, दोघांचीच गाडी कुटुंबास काय कामाची? आक्षेप खरा आहे. परंतु आम्ही गाडी घ्या असें सांगत नाहीं. अनावश्यक भार टाकला म्हणजे बेताच्या शक्तींतहि आनंद मिळतो, एवढेंच सांगतों. मुलांच्या पाठीवर अपेक्षांचें ओझें लादतांना पालकांनीं याचा विचार करावा.