चौदाव्या वर्षानंतरची शाळा

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्याच्या पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांतून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या ट्रॅक्टरांचे स्मरण आम्हांस झाल्यावाचून राहत नाही. भांडीकुंडी, बाजरीची पोती, राहण्याच्या कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, आणि या पसाऱ्यावर दाटीने बसलेली पोरे. त्यांत नववी-दहावीची एखादी मुलगीही असते, जिचे नाव हजेरीपटावर तसेच राहते आणि जी पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडावर असते.

ऊसतोडीचा मामला जोडीचा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची आगाऊ उचलही त्याच हिशेबाने. पहाटेच्या अंधारात फडात गेलेली आई मोळ्या वाहून कोपीवर परतेपर्यंत तान्ह्या भावाला सांभाळणे, पाणी आणणे, भाकरी थापणे हे थोरल्या मुलीच्या वाट्यास येते. तिला गावी ठेवावे, तर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर सोडायची, असे आई विचारते. आणि हा प्रश्न अज्ञानातून नव्हे, अनुभवातून आलेला असतो. गावाने त्याचे उत्तर दिले नाही, म्हणजे हंगामापूर्वी मुलीचे हात पिवळे करण्याचे उत्तर घर आपणच शोधते, आणि मुकादमाच्या वहीत आणखी एक कोयता चढतो.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींपुरता. बालविवाह प्रतिबंधाचा २००६ चा कायदा मुलीस १८ वर्षे पुरी होईतो विवाहास मनाई करतो. मधल्या चार वर्षांत तिने राहावे कोठे, याची तजवीज या दोहोंत नाही. मुलींना बारावीपर्यंत फीमाफी आहे, एस.टी.चा मोफत पास आहे, आणि या सवलतींचे मोल आम्ही जाणतो. परंतु पास तिच्याच उपयोगी, जी गावात राहू शकते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, हे उत्तमच झाले. तीत किशोरवयीन मुलींच्या निवाऱ्याचा बंदोबस्त सर्वांआधी व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवारा झाला तरी मुलीचे ऐकणारा परिसरही हवा. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने, चौदाच्या आसपासच्या वयात, आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. अक्षरे तिला शाळेने दिली. परंतु तिचे म्हणणे ऐकून घेणारे गुरुजन आणि ते छापणारे पत्र भोवती होते, म्हणून त्या अक्षरांना वाचा फुटली. सक्षमीकरण म्हणतात ते शाळा आणि परिसर या दोहोंच्या सहकार्यानेच घडते. एकट्या पाठ्यपुस्तकावर तो भार टाकणे अन्यायाचे आहे.

जे वाचक अशा गावांत राहतात, शाळा व्यवस्थापन समितीवर वा ग्रामपंचायतीत बसतात, त्यांस आमची कळकळीची विनंती आहे की, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरेल त्या दिवशी आठवीपुढील कोणती मुलगी आली नाही, याची चौकशी त्यांनी स्वतः तिच्या घरी जाऊन करावी. आणि लग्नाची कुणकुण लागल्यास गप्प राहू नये. गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक अहोरात्र चालू असतो.