सही करण्याआधी

‘अपार’ या १२ अंकी क्रमांकाचं संमतिपत्र शाळांमधून घरोघर येतं. मुलाची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं आधारशी जोडून एका क्रमांकाखाली डिजिलॉकरमध्ये ठेवायची केंद्राची ही योजना. ती ऐच्छिक आहे, असं सरकारच सांगतं. मग वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर “उद्यापर्यंत भरून पाठवा” असा निरोप का येतो? नाही म्हटलं तर काय, हे वर्गशिक्षकांनाही सांगता येत नाही. त्यांना मी दोष देत नाही. आधारवरचं आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळेना म्हणून पालकांना फोन करत बसणारे तेच असतात.

सरकारने घरात पाऊलच टाकू नये, असं मी म्हणणार नाही. बालविवाह थांबवायला, मार खाणाऱ्या लेकराला सोडवायला ते आलंच पाहिजे. पण किती आत यायचं? स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या कायद्याने प्रत्येक मुलामागे जन्मापासून १८ वर्षांपर्यंत एक नेमलेली व्यक्ती असणार होती: आधी आरोग्यसेविका, पुढे बहुधा मुख्याध्यापक. मुलाची आबाळ वेळीच कळावी, हा हेतू. त्यासाठी दवाखाना, शाळा, समाजकल्याण खातं यांच्याकडची माहिती त्या व्यक्तीकडे जाणार होती, मुलाला किंवा आईवडिलांना न विचारतासुद्धा. काही संस्था आणि पालक न्यायालयात गेले. जुलै २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हेतू रास्त मानला, पण माहिती देण्याघेण्याच्या तरतुदी खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरवल्या. न्यायमूर्तींनी आणखी एक धोका ओळखला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो: सल्ला ऐच्छिक असला तरी तो मानावाच लागेल, असा पालकांचा समज होऊ शकतो. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने ही सक्तीची योजना सोडून दिली.

आपल्याकडे आधारच्या २०१८ च्या निकालाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नाकारली. मुलांच्या आधारनोंदणीला पालकांची संमती हवी आणि सज्ञान झाल्यावर मुलाला त्यातून बाहेर पडता यावं, असंही बजावलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो खरा, पण सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राच्याच हाती आहे. नववीत वर्ष वाया गेलेल्या मुलीची ती नोंद ती पंचविशीत असताना कोण उघडून पाहील? आज सही करणाऱ्या तिच्या वडिलांना हे कोणीही सांगत नाही, आणि माझा सगळा राग त्यावर आहे.

पुढच्या पालकसभेत मी हे मागणार आहे: संमतिपत्रावर ‘संमती नाही’ असा रकाना छापा. नकार दिला म्हणून मुलाचा दाखला, परीक्षा किंवा पोषण आहार अडणार नाही, असं मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून द्या. दिलेली संमती मागे कशी घ्यायची, तेही त्याच कागदावर मराठीत येऊ द्या. आणि दहावीतल्या मुलांना सभेला बोलवा; कागद त्यांच्याबद्दलचा आहे.